आतली रांग

१

प्रेसहॉलमध्ये तिला सगळे मोजणीबाई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं आणि सव्वीस वर्षं तिथेच पडून होतं. नव्याने लागलेल्या माणसाला वाटे, ही बाई दिवसभर पत्रे मोजत असेल. मग कोणीतरी त्याला कोपरखळी मारून सांगे, "पत्रे नाही रे. ती उशीर मोजते."

ते खरंच होतं. हॉलमध्ये अकरा प्रेस होत्या, एकेक दोन मजली घराएवढी. सपाट पत्रा आत सरकवायचा, वरून लोखंडाचा अजस्र ठोकळा खाली यायचा, ज्याला सगळे रॅम म्हणत, आणि बघता बघता त्या पत्र्याचं मोटारीचं दार व्हायचं. पत्रा सरकवणारा माणूस आणि रॅम यांच्यामध्ये काच नव्हती, जाळी नव्हती. होता फक्त न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. त्याच्या दोन रांगा, एक बाहेरची आणि एक आतली, दोहोंत वीतभर अंतर. हात आत गेला की किरण तुटायचा, ते कंट्रोलरला कळायचं आणि कंट्रोलर ब्रेकला हुकूम द्यायचा. एवढं सगळं व्हायला मुभा होती तीस मिलिसेकंदांची. माणसाची पापणी एकदा मिटून उघडेपर्यंत असे दहा तीस निघून जातात.

"आणि एकतीस झाले तर?" नवा माणूस हटकून विचारायचा.

"एकतीस म्हणजे उशीर नव्हे," ती म्हणायची. "एकतीस म्हणजे नाहीच. उत्तर बरोबर असून उशिरा आलं, तर ते चूक उत्तर."

सात नंबरच्या प्रेसला नवा कंट्रोलर बसवला होता. नव्या कंट्रोलरला महिनाभर, रोज पाळी सुरू होण्याआधी शंभर चाचण्या, हा तिचा नियम. तिची सही झाली की तोच कंट्रोलर अकराही प्रेसना लागणार होता. प्रेस रिकामी चालू ठेवायची, बोटाएवढी जाड काळी दांडी किरणांत घालायची, टक् असा आवाज होऊन रॅम जागच्या जागी थांबला की कंट्रोलरच्या स्क्रीनवरच्या यादीत आकडा बघायचा. एकवीस. बावीस. एकवीस. मग प्रेस पुन्हा चालू. पाच झाल्या की वहीत चार उभ्या रेघांवर एक आडवी.

त्या मंगळवारी शंभरावी चाचणी झाली. तिने प्रेस रिकामी चालू ठेवली, दांडी पिशवीत घालायला पाठ वळवली आणि मागे आवाज आला.

टक्.

रॅम थांबला होता. समोर कोणी नव्हतं. यादीत एकशे एक ओळी होत्या.

२

बाही लागली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग बुधवारी बाह्या कोपरापर्यंत दुमडून घेतल्या, शंभर झाल्यावर चार पावलं मागे सरकली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

टक्.

सात नंबर चालवणारे काका तेवढ्यात आले. अठ्ठावन्न वर्षांचे, प्रेसच्या धडधडीने कान अर्धे गेलेले, त्यामुळे स्वतःही ओरडूनच बोलत.

"काय झालं हो बाई? आज लवकर थांबली?"

"आपोआप थांबली, काका."

"माशी असेल!"

ती यादीवर वाकली. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असत: आधी कुठली रांग तुटली, कुठकुठले किरण तुटले आणि हुकमाला किती वेळ लागला. तिच्या शंभर ओळींत सगळीकडे एकच होतं. आधी बाहेरची रांग, मग आतली. दुसरं काही असणं शक्यच नव्हतं, बाहेर उभ्या माणसाचा हात बाहेरूनच आत जाणार. एकशे एकाव्या ओळीत बाहेरची रांग नव्हतीच. फक्त आतली. आणि किरण तुटले होते ते एकसलग नव्हेत. एक, मग फट, एक, मग फट, असे चार. आणि त्यांच्या जरा वर, थोडा सुटा, पाचवा.

तिने आपला पंजा आडवा धरला, बोटं फाकवली, अंगठा वर केला आणि स्क्रीनवरच्या त्या पाच खुणांशेजारी नेला.

"काका," ती म्हणाली, "माशीला पाच बोटं असतात का?"

काकांना ऐकू गेलं नाही. ते हसले.

डाय, म्हणजे दाराचा साचा, बसवणाऱ्या फिटरला तिने बोलावून घेतलं. तो इतका उंच आणि लांब हातांचा होता की त्याला लंबूखेरीज दुसरं काही म्हणावंसंच कोणाला वाटलं नसतं. त्याने प्रेसचं मागचं दार उघडलं, बॅटरी घेऊन कमरेपर्यंत आत शिरला, डायच्या फटी तपासल्या.

"काही नाही बाई. पत्र्याचे तुकडे आणि तेल. का हो?"

"आत कोणी नव्हतं ना?"

"आत?" तो बाहेर येऊन हात पुसत म्हणाला. "आत कोणी असता तर तो आता यादीत नसता बाई, बादलीत असता."

एरवी ती त्याला अशा विनोदावर झापायची. त्या दिवशी तिने फक्त वही मिटली. एकशे एकाव्या ओळीतला वेळ होता अठ्ठावीस.

३

घरी ती आणि तिची थोरली बहीण अशा दोघीच राहत. ताई सत्तरीची, गुडघ्यांनी बसवलेली, पण जीभ अजून धावणारी. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसल्यामुळे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायची खोड तिला लागली होती.

"ताई, आज कारखान्यात एक..."

"विचित्र झालं. दिसतंय तोंडावर. आधी हात धू."

संध्याकाळच्या उजेडात ताई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. मोजणीबाईने सगळं सांगितलं. पाच किरण, आतली रांग, पाठमोरं असताना आलेली टक्. ताईने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि त्यानेच मोजणीबाईला जास्त धास्ती वाटली.

"आमच्याकडे यायचे असे फोन," ताई शेवटी म्हणाली. "लाइन लागलेली, पलीकडून आवाज नाही. नव्या मुली लगेच तोडायच्या. मी त्यांना सांगायचे, तीनदा 'बोला' म्हणा. आवाज नाही म्हणजे माणूस नाही, असं नसतं."

"इथे माणूस असणं शक्य नाही, ताई."

"ते मी कशाला ठरवू? मी फक्त लाइन जोडणारी. पण एक सांगते. असा फोन नेमका कधी येतो ते बघावं. सगळ्या लाइनी भरल्यात, आपले दोन्ही हात अडकलेत, नेमका तेव्हाच येणारा फोन एक तर खोडसाळाचा असतो, नाहीतर फार अडचणीतल्या माणसाचा."

"आणि त्या दोघांतला फरक कसा ओळखायचा?"

"उचलल्याशिवाय कळत नाही," ताई म्हणाली आणि शेंगांची टरफलं तिच्या हातात दिली. "जा, टाकून ये."

४

कधी येतो ते बघावं. गुरुवारी मोजणीबाईने तेवढंच बघितलं.

साहेबांच्या केबिनमध्ये महिन्यापूर्वी एक मोठा फलक लागला होता. किती दारं झाली, कुठली प्रेस किती चालली, सगळं त्यावर रंगीत आकड्यांत दिसे. साहेब तरुण, हुशार, वागायला सरळ. पण त्या फलकाचं त्यांना इतकं कौतुक की रोज त्यात एखादा नवा रकाना वाढवत. हे आकडे फलकाला पुरवत होता तो सात नंबरचाच कंट्रोलर. दर नव्वद सेकंदांनी तो हातातलं काम जरासं बाजूला ठेवून आकड्यांचं गाठोडं वर पाठवायचा.

तिने वेळा जुळवून बघितल्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार. एकशे एकावी ओळ तिन्ही दिवशी त्या गाठोड्याच्या ऐन मध्यावर पडली होती. तिच्या शंभर चाचण्यांतली एकही त्या क्षणाला लागली नव्हती. तो क्षणच एवढा चिमुकला होता की हजार वेळा दांडी घातली तरी लागेलच असं नाही. पण त्या पाच बोटांना तो रोज सापडत होता. सत्तावीस, अठ्ठावीस, आणि आज एकोणतीसला एक दशांश कमी.

 कोणीतरी मजबूत भिंत सोडून बरोबर कच्ची वीट चाचपत होतं. आणि ती वीट रोज अधिक सुटत चालली होती.

ती केबिनमध्ये गेली.

"साहेब, हा फलक सातच्या कंट्रोलरवरून काढा."

"का? तुमचेच आकडे आहेत हे बघा." साहेबांनी फलकाकडे बोट केलं. "सरासरी साडेएकवीस. मर्यादा तीस. केवढी मोकळी जागा आहे!"

"साहेब, सरासरीला हात नसतात."

"म्हणजे?"

"हात एकाचा असतो. आणि तो शंभरांतल्या नेमक्या वाईट वेळी आत असतो. चला, दाखवते."

साहेब आले. तिने घड्याळ समोर ठेवलं, फलकाचं गाठोडं निघायची वेळ काढली आणि दांडी धरून वाट बघत बसली. पहिल्यांदा चुकली. दहाव्यांदाही चुकली. काका पत्र्यांच्या थप्पीला टेकून बघत होते, लंबू तोंडातल्या तोंडात मोजत होता. साहेबांनी दोनदा मनगटावर नजर टाकली, पण गेले नाहीत. सव्विसाव्यांदा टक् झालं आणि यादीत लाल आकडा उमटला.

एकतीस.

 साहेब त्या आकड्याकडे बघत राहिले, मग काकांच्या हातांकडे. काकांचे हात नेहमीसारखेच होते, जाड, काळपट, दहाच्या दहा बोटं जागेवर. साहेबांनी स्वतः वाकून फलकाची तार उपसली.

"वेगळा संगणक लावू त्याला," ते म्हणाले. "तोवर फलक बंद."

दुपारभर तिने चाचण्या घेतल्या. वीस. वीस. वीस. वीस. कुठेही टाका, कधीही टाका, वीस. लंबूने शीळ घातली. काका ओरडले, "बाई, लग्नाचा बँड बोलवायचा का?" सव्वीस वर्षांत इतकी सरळ रेघ तिने बघितली नव्हती. ती हसत हसत दांडी पुसत होती, तेव्हा मागे आवाज आला.

टक्.

वीस. आणि या वेळी आतली रांग तुटून मग बाहेरचीही तुटली होती. हात पूर्ण बाहेर आला होता.

५

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाल्यावर ती सात नंबरसमोर स्टूल घेऊन बसली. वरच्या झरोक्यांतून लख्ख ऊन येत होतं. घाबरावं असं त्या हॉलमध्ये काही नव्हतं. पिवळे पट्टे, तेलाचे डबे, खुंटीवर काकांचा डगला. प्रेस रिकामी चालू होती. रॅम उतरे, चढे. हवेचा फुस्स आवाज, मग जमिनीतून तळपायांना जाणवणारा दणका, मग पुन्हा फुस्स.

आपण काय करतोय, असं तिला दोनदा वाटलं. बावन्न वर्षांची बाई, हातात दांडी, समोर लोखंड. तारेत कुठेतरी गळती असेल. आतल्या रांगेचा एखादा दिवा सैल असेल. पाच दिवे सैल असतील, एक सोडून एक. तसं काही नसतं हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"बोला," ती म्हणाली. 

फुस्स. दणका. फुस्स.

"बोला."

तिने दांडी बाहेरच्या किरणांच्या अगदी जवळ धरली होती, टोक पडद्याबाहेर, रॅमकडे रोखलेलं. हे ती रोज करायची, हात कधी हलायचा नाही.

"बोला," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

टक्.

रॅम वरच थांबला. फटीत कोणी नव्हतं, खालच्या डायच्या चकचकीत पाठीवर फक्त उन्हाची तिरीप. पण दांडीचं टोक हललं. तिने हलवलं नाही. ते मागे सरलं, तिच्याकडे, सावकाश आणि पक्कं. विस्तवाजवळ गेलेला पोराचा हात कोणी न रागावता बाजूला सारावा, तसं. एक वीत, दीड वीत. मग तो दाब गेला आणि दांडी तिच्या हातात नुसती दांडी उरली.

 तिला किंचाळावं असं वाटलं, पण किंचाळून ऐकणार कोण, आणि ऐकून येणाऱ्याला सांगणार काय. स्नायू थकले असतील, तिने स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं हात असा रोखून धरला की कधीतरी ओढ घेणारच.

 मग तिने वही उघडून लिहिलं: आतली आधी, मग बाहेरची. वीस. 

६

सोमवारी मुख्य कचेरीतून पाहुणे येणार होते. शनिवारी साहेबांनी तिला बोलावलं.

"फलकाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी वर तसं कळवलंय. पण हा रोजचा खोटा थांबा काय आहे? आज पाळी चालू असताना दोनदा थांबली."

"शोधतेय, साहेब."

"मला एक साधा उपाय दिसतो." त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या. "आमचा माणूस बाहेर उभा असतो. त्याचा हात आधी बाहेरची रांग तोडणार. बरोबर? मग आतली रांग आधी तुटली, तर तो हात नव्हेच. गाळून टाका. कंट्रोलरला सांगा, अशा वेळी थांबू नकोस. आतून कोण येणार आहे?"

यात खोट काढणं अवघड होतं. ती आपल्या टेबलाशी गेली, कंट्रोलरचा प्रोग्रॅम उघडला. एका ओळीचं काम होतं. तिने ती ओळ लिहिली सुद्धा.

आणि खरं सांगायचं तर तिला ते हवंही होतं. ती ओळ आत गेली की टक् बंद. पाठीमागे काही उभं राहणार नाही. आतून हात आला तर रॅम खाली येईल, आणि जे काही आत आहे ते आतच राहील, कायमचं. चार दिवस नीट झोप नव्हती. एक बटण दाबायचं होतं.

तिचं बोट बटणावर होतं आणि मनात एकच गोष्ट घोळत होती: आपण सव्वीस वर्षं प्रेस थांबवायला शिकवली. हात बघून न थांबायला आज पहिल्यांदा शिकवतोय.

तिने ती ओळ पुसली आणि केबिनमध्ये परत गेली.

"नाही, साहेब. पडद्याने हात कोणाचा ते ओळखायचं नसतं. थांबवायचं असतं."

"आणि पाहुण्यांसमोर थांबली तर?"

"तर सांगा, थांबली म्हणून. थांबण्यासाठीच तर पडदा बसवलाय."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "लिहून द्याल? तुमच्या जबाबदारीवर?"

"आत्ता देते." तिने उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. आपल्या सहीला एवढा दाब कधी लागला नव्हता, हे कागद फाटता फाटता राहिला तेव्हा तिला जाणवलं.

७

सोमवारी सकाळी अकरा वाजता पाहुणे पिवळ्या पट्ट्यामागे उभे होते. साहेब त्यांना सांगत होते, काका पत्रे सरकवत होते, मोजणीबाई यादीशेजारी उभी होती. चाळीस दारं बिनचूक निघाली. एक्केचाळिसावा पत्रा डायमध्ये तिरका बसला. काकांनी प्रेस थांबवली आणि पत्रा ओढायला लागले. तो हलेना.

मागून मदत करायला लंबू धावला. मागचं दार उघडं असलं की प्रेस चालू होत नाही. दाराला लोखंडी जीभ असते, ती खाचेत बसली तरच कंट्रोलरला दार बंद वाटतं. पण लंबूने खिशात तशीच एक जादा जीभ बाळगली होती, हे त्या दिवशी कळलं. ती खाचेत खुपसून, दार उघडं ठेवून तो आत शिरला. दोन मिनिटं वाचावीत, पाहुण्यांसमोर खोळंबा होऊ नये, एवढाच त्याचा विचार. त्याने आतून पत्रा ढकलला. पत्रा सुटला. काकांनी तो उपसून बाजूला ठेवला. लंबू आत "थांबा हो!" असं ओरडला, असं तो मागून सांगत होता. काकांच्या कानांपर्यंत ते पोचलं नाही. समोर फट मोकळी दिसत होती. काकांनी दोन्ही तळवे दोन बटणांवर ठेवले.

फुस्स.

मोजणीबाईला रॅम सुटलेला दिसला. त्याच्याखाली, आतल्या अंधारातून पुढे आलेली एक लांब बाही दिसली आणि तिच्या टोकाला मळका हातमोजा. दचकून हात मागे घ्यायच्या ऐवजी लंबूने तो पुढे फेकला होता. हे सगळं तिला दिसलं, पण ओरडायला लागतो तेवढा वेळ जगात शिल्लक नव्हता.

आणि त्या हातमोज्याच्या पुढे आणखी एक हात होता.

उघडा. मनगटापर्यंत. तळवा बाहेर, बोटं वर, रस्त्यात समोरून येणाऱ्याला थांब म्हणावं तसा ताठ. नखांत काळं तेल साचलेलं, हॉलमधल्या कोणाच्याही नखांत असतं तसं. तो लंबूचा नव्हता. लंबूचा दुसरा हात दाराची कड धरून होता.

टक्.

अकरा प्रेसच्या हॉलमध्ये एकाएकी जेवढी शांतता होऊ शकते तेवढी झाली. फटीत आता फक्त हातमोजा होता.

मग आतून लंबूचा बारीक आवाज आला. "अहो... मी आहे आत."

काकांनी बटणांवरचे हात उचलले आणि ते खालीच बसले. साहेब पिवळा पट्टा ओलांडून धावले. मोजणीबाई आधी पोचली. तिने गुडघे टेकून आत बघितलं. रॅम आणि डाय यांच्या चिमटीत लंबूच्या बाहीची एक घडी सापडली होती. आतला हात तापलेला होता, जिवंत होता, थरथरत होता. कातडीवर ओरखडाही नव्हता.

"बोटं हलव," ती म्हणाली.

पाची हलली.

"पुन्हा."

पुन्हा पाची हलली. तिने कात्री मागवली आणि स्वतः बाही कापली. एका बाहीचा लंबू मागच्या दाराने बाहेर आला, तेव्हा काका त्याच्या गळ्यात पडून हुंदके देत होते आणि तो त्यांच्या पाठीवर थोपटत होता.

"पुरे हो काका. शर्ट नवा होता, त्याचं बोला."

पाहुण्यांतल्या एका बाईंनी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग एक नंबरपासून अकरापर्यंतच्या माणसांनी हातोड्या, पाने, पत्र्याचे तुकडे, जे हाती लागलं ते लोखंडावर बडवायला सुरुवात केली. तो दणदणाट छताला जाऊन आपटत होता, आणि मोजणीबाईला कळलं की सगळे तिच्याकडे बघतायत. तिने डोळे पुसले नाहीत. मान वर करून ती तशीच उभी राहिली. मग लंबूजवळ गेली, त्याचे खिसे चाचपले, ती जादा जीभ खाचेतून उपसून आपल्या मुठीत घेतली आणि सगळ्यांसमोर त्याला असं झापलं की तो दणदणाट हशात बुडाला.

८

दुपारी ती आणि साहेब केबिनमध्ये अपघाताचा अर्ज भरायला बसले. समोर यादी होती. वीस मिलिसेकंद. पण त्या एका थांब्यात दोन ओळी होत्या.

पहिली: आतली रांग, चौदा किरण एकसलग. उभा धरलेला पंजा. ब्रेकला हुकूम याच ओळीवर गेला होता.

दुसरी: आतली रांग, चार किरण. चव्वेचाळीस मिलिसेकंदांनंतर.

साहेबांनी ते आकडे कागदावर घेतले. रॅमचा वेग, चव्वेचाळीस मिलिसेकंद. गुणाकार केला, खोडला, पुन्हा केला. मग उत्तराएवढं अंतर आपल्या अंगठ्यावर धरून बघितलं. बरोबर अंगठ्याच्या जाडीएवढं. टेबलावर लंबूच्या बाहीचा कापलेला तुकडा होता. रॅमने त्याची घडी इस्त्री केल्यासारखी बसवली होती.

"दुसरी ओळ लंबूची," ते म्हणाले.

"हो."

"आणि फक्त दुसरी असती, तर..."

 त्यांनी खणातून शनिवारचा तिचा कागद काढला, चार ओळींचा, खाली खोल उमटलेल्या सहीचा, आणि अर्जाला जोडला.

"सही कधी करताय? अकराही प्रेसना हाच कंट्रोलर लावू. आणि मर्यादा तीस नको. पंचवीस करा."

"बावीस," ती म्हणाली.

"बावीस," साहेब म्हणाले.

अर्जात पुढचा रकाना होता: पडद्यात हात घातलेल्या कामगारांची नावं. तिने लंबूचं खरं नाव लिहिलं, ते लिहिताना तिला हजेरीच्या यादीत शोधावं लागलं. खाली अजून एक ओळ रिकामी होती. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. 

तिने पेन टेकवलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: आपल्यातलाच.

साहेबांनी ते वाचलं. खोडा म्हणाले नाहीत. तिच्या हातातून पेन घेतलं, त्या शब्दाखाली आपली सही केली आणि तारीख घातली.

बाहेर दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. एक प्रेस सुरू झाली, मग दुसरी, मग तिसरी. टेबलावरचे कप किणकिणायला लागले. दोघंही उठले नाहीत, अकराच्या अकरा सुरू होईपर्यंत.